सजावट न्हाई, सामान हाय

कुंडलिकतात्यांनी आयुष्यात तीनच अर्ज केले. पहिला विहिरीसाठी. तो कुठं गेला ते सरकारलाच ठाऊक. दुसरा रेशनकार्डावर चुलत्याचं नाव नीट करायला. त्याचं उत्तर आलं तेव्हा चुलत्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. तिसरा अर्ज मात्र आठ दिवसांत मंजूर झाला, आणि त्यानं तात्यांची दिवाळी खाल्ली. नामंजूर अर्जानं माणसाचं काही बिघडत नाही. मंजूर झाला की मात्र तो घरात येऊन बसतो.

कारण एवढंसं होतं. आकाशकंदील.

टेंभाची वाडी वेल्ह्यापासून चौदा किलोमीटर वर, तोरण्याच्या पाठीला. घरं एकतीस, त्यातल्या एकोणीस घरांना कुलपं. शाळा गेल्या सालीच बंद झाली. पटावर दोन पोरं होती, त्यातलं एक मामाकडं सारोळ्याला गेलं. उरलेल्या एकाला गुरुजी किती दिवस हजेरी घेणार? आता वाडीत म्हातारी माणसं, गुरं, आणि सकाळी साडेसातला वेल्ह्याला जाऊन संध्याकाळी परत येणारी एसटी, एवढंच चालतंबोलतं. असल्या गावाला सजवायचं कशाला, असं तात्यांचं म्हणणं. मढ्याला पावडर लावल्यागत दिसतं. (तात्यांचं बोलणं असंच. लग्नाच्या पंगतीत बसले तरी शेजारचा उठून दुसरीकडं जातो.)

पण सरपंच मानसिंगला हौस. दसरा झाला आणि त्यानं एसटीच्या निवाऱ्यावर धान्याच्या कणगीएवढा कंदील टांगला. आत लुकलुकणारे दिवे. हिरवा, तांबडा, निळा, परत हिरवा. निवाऱ्यापासून तात्यांचं दार दहा पावलांवर. दिवे लागणीला तात्या जेवायला बसले की सगळा उजेड ताटात.

"ही भाकरी कसली हाय?" तात्या म्हणाले.

"नाचणीची," त्यांची बायको बनाबाई चुलीपासून म्हणाली.

"आत्ता हिरवी होती. आता तांबडी झाली. असली भाकरी माणसानं खायाची का औषध म्हणून चाटायची?"

"असूं द्या वो. मला बरं वाटतं ते. तेवढं एकच नीट दिसतं."

बनाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकाचं ऑपरेशन शिबिरात झालं, तोही डोळा धुक्यातच राहिला. दुसऱ्याचं "पिकलं की बघू" असं तात्यांनी तीन वर्षांपूर्वी म्हटलं होतं. तर तिला ते बरं वाटत होतं. तात्यांनी ऐकलं, आणि नेहमीसारखं, ऐकून सोडून दिलं.

सकाळी ते मानसिंगकडं गेले.

"मानसिंग, त्यो कंदील उतरव."

"तात्या, दिवाळी हाय."

"दिवाळीला अजून पंधरा-वीस दिस हायेत. आन माझ्या घरावर कशापायी?"

"तुमच्या घरावर कुठं? यष्टीच्या निवाऱ्यावर हाय. सार्वजनिक जागा हाय ती. तुमी जमीन दिली तवाच सार्वजनिक झाली."

ते खरं होतं. अठरा वर्षांपूर्वी वाडीला डांबरी रस्ता आला. एसटीवाले म्हणाले, गाडी फिरवायला आणि थांबायला जागा द्या, मग गाडी देतो. कोण देणार? तात्यांनी स्वतःचं अंगण बक्षीसपत्रानं लिहून दिलं. लोक म्हणाले, बापाच्या नावाची पाटी लागावी म्हणून दिलं. पाटी लागलीही. आता तिच्यावर बोअरवेलवाल्याचा मोबाईल नंबर आहे.

'सार्वजनिक' हा शब्द तात्यांनी तेवढा उचलला आणि दुसऱ्या दिवशी साडेसातच्या गाडीनं वेल्ह्याला गेले.

वेल्ह्यात तहसील कचेरीबाहेर जांभळीखाली हनुमंत टेबल टाकून बसतो. लोकांचे अर्ज लिहितो. अक्षर मोत्यासारखं, आणि ज्याला भांडायचंय त्याच्या मनातलं त्याला आधी कळतं. अशा माणसापासून लांब राहावं. तात्या स्टूल ओढून जवळ बसले.

"लिव. सार्वजनिक जागेत कंदील लावू नये."

हनुमंतानं पेन उचललं, पण लिहिलं नाही. "कंदील काढला तर माळ लावतील."

"मग माळबी लिव."

"माळ काढली तर तोरण बांधतील. तोरण काढलं तर पताका. पताका काढल्या तर फ्लेक्स."

"हे बघ हनुमंता," तात्या पुढं झुकले, "मानसिंगाला शिरायला फट ऱ्हायली न्हाई पायजे."

असं गिऱ्हाईक हनुमंताला वर्षातून एखादंच मिळत असावं. त्यानं बाह्या सारल्या आणि लिहून वाचून दाखवलं: सदर निवाऱ्यात, त्याच्या भिंतींवर, छपरावर, जमिनीवर व समोरील मोकळ्या जागेत, कोणत्याही धर्माची, कोणत्याही सणाची, कोणत्याही वस्तूपासून केलेली, लहान अथवा मोठी, कसलीही सजावट अथवा मांडणी कोणीही करू नये.

"जमिनीवर कोण कंदील लावतंय?" तात्या म्हणाले.

"फट नको म्हणालात न?"

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. झकास हाय." आणि तात्यांनी दुसरीपर्यंतच्या शाळेत शिकलेली सही ठोकली. परतीच्या गाडीत अर्जाची नक्कल दोनदा काढून बघितली. वाचता येत होतं अर्धंच, पण ओळी भरघोस होत्या.

ग्रामसभा बंद शाळेच्या व्हरांड्यात भरली. सुलक्षणा मॅडम ग्रामसेविका. त्या भोरहून येतात, त्यांच्याकडं तीन गावं, म्हणून त्यांचा एक डोळा कागदावर आणि एक घड्याळावर. त्यांनी अर्ज वाचला.  मग सगळेच एकदम बोलले.

"देवळावरचा झेंडा काढायचा का मग?"

"देऊळ सार्वजनिक जागेत येत नाही," मॅडम म्हणाल्या.

"शाळंच्या भितीवर सरस्वती काढलीया, तिचं काय?"

"ती मुलांनी रंगवलीय."

"पोरं कुठं हायेत आता? सरस्वती एकटीच हाय."

"भोरला एका दुकानात नाताळाला झाड ठिवत्यात. त्याला चालतंय?"

"भोरचा विषय इथं नको. मला वेल्ह्याहून पाचची गाडी धरायचीय."

तेवढ्यात मानसिंग उठला. तात्या भांडायच्या तयारीनं सरसावून बसले. पण मानसिंग गोड हसला. 

"तात्यांचं बरोबर हाय," मानसिंग म्हणाला. "नियम म्हंजे नियम. माझा पाठिंबा हाय. उद्या सकाळी कंदील खाली. फक्त एक इचारतो. पाडव्याला तात्यांची गाय शिंगं रंगवून सार्वजनिक रस्त्यानं हिंडती. ती सजावट हाय का न्हाई?"

लोक हसले. आता माणसानं इथं गप बसायचं असतं. पण तात्यांना गप बसायला कोणी शिकवलं नव्हतं.

"शिंगं झाकून नीन," ते म्हणाले.

मॅडमनी ते लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं. सभेच्या इतिवृत्तात आजही आहे: श्री. कुंडलिक यांनी गाईची शिंगे झाकून नेण्याचे मान्य केले.

"आणखी एक," मॅडम म्हणाल्या. "मी काही रोज बघायला येणार नाही. लेखी तक्रार आली तर कारवाई. नाही आली तर मला काही माहीत नाही."

सगळ्यांनी तात्यांकडं बघितलं. वाडीत लेखी तक्रार देणारं माणूस एकच होतं. तात्या जरा ताठ बसले. ठराव मंजूर झाला. हात वर झाले, खाली आले. आणि बायकांच्या बाजूनं ठकुबाई म्हणाली,

"आन बनीच्या गवळणींचं वो?"

मॅडमनी मिटलेली वही परत उघडली.

तर हे सांगायला पाहिजे. आमच्या डोंगरपट्ट्यात दिवाळीच्या पाडव्याला पहाटे बाया दारापुढं शेणाच्या गवळणी मांडतात. डोक्यावर घागरी घेतलेल्या गवळणी, पाच पांडव, शेणाचंच जातं, शेणाचाच गोठा. त्यावर झेंडूची फुलं, हळदकुंकू. दुपारी उचलून वाळवायचं आणि रथसप्तमीला त्याच्यावर दूध उतू घालायचं. बनाबाई लग्न होऊन आली त्या वर्षापासून अंगणातल्या एकाच कोपऱ्यात मांडायची. अंगणाचा निवारा झाला तरी कोपरा तोच. डोळे गेले तरी निवाऱ्याच्या खांबाला हात लावून ती बरोबर त्या जागेवर बसायची.

आणि तिच्या गवळणींत एक बारकी असायची. करंगळीएवढी, तिच्या डोक्यावर घागर नाही. ती त्यांची मुलगी, बयडी. चार वर्षांची होती. ताप चढला, तेव्हा रस्ता नव्हता, गाडी नव्हती. तात्या आणि त्यांचा भाऊ तिला घोंगडीच्या झोळीत घालून वेल्ह्याकडं निघाले होते. ओढ्याच्या वळणापाशी झोळी खाली ठेवली ती परत उचलायची घाई राहिली नाही. याला बेचाळीस वर्षं झाली. एसटीला अंगण बापाच्या पाटीसाठी दिलं, असं लोक म्हणतात तर म्हणू दे.

तर ठकुबाईनं ते विचारलं, आणि तात्यांना अर्जातला 'जमिनीवर' हा शब्द आठवला. 'लहान अथवा मोठी' हेही आठवलं. फट कुठंच नव्हती.

"ते शेण हाय," तात्या म्हणाले. "शेण म्हंजे सजावट न्हाई."

मॅडमनी चष्मा नीट केला. "सजावट नसेल तर सार्वजनिक ठिकाणी शेण टाकणं होतं. आपल्या गावाला स्वच्छतेचं बक्षीस मिळालंय, तात्या. त्याला दंड आहे."

म्हणजे सजावट म्हणावं तर तात्यांच्या अर्जानं बंदी, आणि शेण म्हणावं तर स्वच्छतेचा दंड. मानसिंग छताकडं बघत होता. इथंच तात्यांनी "चुकलो, अर्ज मागं घेतो" म्हणायचं होतं. दोन शब्दांचं काम. पण मानसिंगच्या गालावर ते हसू होतं, आणि तात्यांच्या तोंडातून दुसरंच आलं.

"मग न्हाई मांडणार. नियम म्हंजे नियम."

बनाबाई उठली. पदर सारखा केला, भिंत चाचपत पायरी उतरली आणि घरी गेली. त्या दिवसापासून ती तात्यांशी बोलेना. पाडव्याला नऊ दिवस होते.

बोलेना म्हणजे भांडेना. भांडली असती तर तात्यांना बरं वाटलं असतं, भांडण त्यांना जमतं. ती ताट वाढायची, पाणी तापवायची, सगळं करायची. फक्त बोलायची गाईशी.

"तांबू, सांग त्यांना पाणी तापलंय."

"तांबू, तुझीबी शिंगं झाकणार हायेत म्हणं. दिस बदलले बाई."

तात्यांनी एकदा "मीठ कमी हाय" म्हणून बघितलं. मिठाचा डबा हळूच त्यांच्यापुढं सरकला. बस. कंदील उतरला होता, भाकरी भाकरीच्या रंगाची होती, आणि घशाखाली उतरत नव्हती. बनाबाई संध्याकाळी दाराशी बसायची आणि जिथं कंदील होता तिकडं तोंड करून राहायची. तिथं आता काहीच नव्हतं, आणि काही नाही एवढंच तिला दिसत होतं.

चौथ्या दिवशी तात्या पुन्हा वेल्ह्याला.

"हनुमंता, त्यो अर्ज मोडायचा अर्ज लिव."

"अर्ज राहिला कुठं? ठराव झाला त्याचा. आता ग्रामसभाच मोडणार. पुढची ग्रामसभा सव्वीस जानेवारीला."

"तवर दिवाळी थांबती व्हय?"

"अर्ज करून बघा," हनुमंत म्हणाला.

"तुझ्या अर्जात जरा फट ठेवली असती तर काय बिघडलं असतं?"

"तात्या, मी तुम्हाला जमिनीबद्दल विचारलं होतं."

विचारलं नव्हतं. तात्यांनीच विचारलं होतं. पण तेही आता कोणाला सांगणार?

संध्याकाळी गाडीतून उतरल्यावर ते घरी गेले नाहीत. निवाऱ्याच्या बाकावर बसले. घरात बोलायला गाय आणि बायको, आणि त्या दोघी आपसात बोलणार. समोरच्या भिंतीवर एसटीवाल्यांनी रंगवलेलं होतं. तात्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं. अठरा वर्षांत पहिल्यांदाच. 'हा निवारा फक्त प्रवासी व त्यांच्या सामानासाठी आहे.'

परत वाचलं. सामान.

आता तात्या हुशार आहेत असं कोणी म्हटलेलं नाही. पण हट्टी माणसाच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती हुशारीसारखीच दिसते, निदान सुरुवातीला. ठराव होता सजावटीवर. सामानावर नव्हता. प्रवाशानं मांडीवर सामान घेऊन निवाऱ्यात बसायला कोणाच्या बापाची बंदी? रात्री गोठ्यात त्यांनी हे सगळं तांबूला मोठ्यानं सांगूनही टाकलं.

पाडव्याला झुंजुमुंजू असताना तात्या गोठ्यात गेले. बनाबाई आत चुलीशी होती, थापायचा आवाज येत होता. तात्यांनी तांबूचं ताजं शेण पाटावर घेतलं आणि गवळणी करायला बसले. बावन्न वर्षं बघितल्या होत्या, हात कधी लावला नव्हता. पहिली गवळण केली, ती मानसिंगसारखी झाली. मोडली. दुसरीच्या डोक्यावर घागर ठेवली तर ती गुडघ्यात बसली. पांडवांपैकी तीन बरे उभे राहिले, दोन एकमेकांना टेकून, दारू पिऊन आल्यागत. जात्याचं घमेलं झालं. शेवटी तात्यांनी चिमूटभर शेण घेतलं आणि करंगळीएवढी केली. घागर नाही. ती मात्र पहिल्या खेपेला झाली.

साडेसहाला ते पाट मांडीवर घेऊन निवाऱ्याच्या बाकावर बसले. जुन्या कोपऱ्याच्या बरोबर वर. त्यांचा हिशेब साधा होता. बनाबाई बाहेर येईल, बघेल, म्हणजे चाचपेल, आणि हळदकुंकू वाहील. तेवढं झालं की पाट घेऊन घरी. गाडीत बसायचं त्यांच्या मनातच नव्हतं.

आधी आला मानसिंग. हातात दुधाची बरणी.

"तात्या, हे काय मांडलंय?"

"मांडलं न्हाई. सजावट न्हाई, सामान हाय. म्या प्रवासी हाय."

मानसिंगनं पाटाकडं निरखून बघितलं. "ह्यो कोण? भीम का?"

"तुला काय करायचंय?"

"न्हाई, जरा आजारी वाटतोय." तो शेजारी टेकला. "बरं, प्रवासी हायसा न? मग साडेसातची यष्टी आली की चढायचं. गाडी गेल्यावरबी बसून ऱ्हायलासा तर ते सामान न्हाई, मांडणी झाली. मग लेखी तक्रार द्यावी लागंल मला. नियम म्हंजे नियम."

तात्यांनी घराकडं बघितलं. दार उघडं होतं, बनाबाई दिसत नव्हती. सात झाले. सव्वासात झाले. ठकुबाई आली, पाटाला हात जोडले, "बनीनं केल्यात व्हय?" म्हणाली, मग जवळून बघून "न्हाई, न्हाई" म्हणाली. वळणावर गाडीचा हॉर्न वाजला.

बनाबाई तेव्हा बाहेर आली. हातात आरतीचं ताट, काखेत फडक्यात बांधलेलं गाठोडं. खांबाला हात लावला, दोन पावलं मोजली आणि तात्यांच्या गुडघ्याशी येऊन थांबली. गाडी लागली. कंडक्टर धनाजी दारात उभा राहून बघायला लागला.

बनाबाईनं पाटावर बोटं फिरवली. घागर खाली पडलेली गवळण चाचपली, पांडव चाचपले, जात्यापाशी जरा थांबली (ते जातं आहे हे तिला कळलं नसावं). मग बोट त्या बारकीवर आलं. तिथून ते हललं नाही.  तात्यांना वाटलं आता बोलेल.

तिनं हळदकुंकू वाहिलं. निम्मं तात्यांच्या धोतरावर सांडलं. एक झेंडूचं फूल बारकीपुढं ठेवलं, ओवाळलं आणि काखेतलं गाठोडं तात्यांच्या पाटाशेजारी ठेवलं. बोलली काही नाही.

"चढताय का वो, तात्या?" धनाजी म्हणाला.

"चढत्यात," मानसिंग म्हणाला.

तात्या चढले. दुसरं करणार काय होते? नऊ दिवस वाडीभर नियम सांगत हिंडलेला माणूस दहाव्या दिवशी गाडी सोडून पळाला असता तर मेल्यावर खांदा द्यायला आलेल्यांनीही ते बोलून दाखवलं असतं.

गाडीत चार माणसं. धनाजी मशीन घेऊन आला.

"तुमी पंचाहत्तरच्या वरचे, तुमचं फुकट. ह्या मंडळींचं काय करायचं?"

"सामान हाय."

"सामान सीटखाली ठिवा मग. ब्रेक मारला की पांडव ड्रायव्हरच्या पाठीवर जातील."

तात्यांनी पाट वाकून सीटखाली सरकवला. बारकी मात्र उचलून तळहातावर घेतली.

"आन ही?" धनाजी चेष्टेत म्हणाला.

"चार वर्सांची हाय," तात्या म्हणाले. "पाचाच्या आत तिकीट लागत न्हाई."

धनाजीनं त्यांच्याकडं बघितलं. मग पुढं काही न विचारता जाऊन घंटी मारली. ओढ्याचं वळण आलं. त्या दिवशी झोळी घेऊन तिथवर पोचायला दोन तास लागले होते. गाडीनं ते पंधरा मिनिटांत मागं टाकलं. तात्यांनी मूठ अलगद मिटली होती, तिच्यात शेण वाळायला लागलं होतं. वेल्ह्याचा फाटा दिसला तेव्हा ते बारकीला म्हणाले, "हे बघ, आलं." मागच्या सीटवरचा माणूस खिडकीकडं सरकून बसला.

वेल्ह्यात पाडव्याची सुट्टी. कचेरी बंद, निम्मी दुकानं बंद. परतीची गाडी साडेपाचला. तात्या स्टँडवर बाकाखाली पाट ठेवून बसले. दोन बायकांनी पाट बघितला आणि फुलं वाहिली. एकीनं "कुठल्या गावची पद्धत ही, असे बसलेले पांडव?" असं विचारलं. हनुमंत घरून फिरायला आला होता, तो जवळ उभा राहिला.

"तात्या, हीही सार्वजनिक जागाच आहे बरं का. लिहू का कोणाचा अर्ज?"

तात्यांनी चप्पल उचलायला हात खाली नेला. हनुमंत गेला.

दुपारी भूक लागली म्हणून गाठोडं सोडलं. बनाबाईनं मुकाट्यानं दिलं होतं, त्यामुळं सकाळपासून तात्यांच्या छातीत जरा ओल आली होती. रागावली तरी उपाशी धाडलं नाही. आत भाकऱ्या होत्या, लसणाची चटणी, कांदा, दिवाळीची करंजी. भाकऱ्या चार होत्या.

तात्या एका वेळेला दोन खातात.

चार म्हणजे दोन वेळचं झालं. आणि पहाटे ते शेणात हात घालून बसले होते तेव्हाच चुलीवर थापायचा आवाज येत होता. म्हणजे ते निवाऱ्यात बसायच्या आधीच त्यांच्या दिवसभराच्या भाकऱ्या तयार होत्या. तात्यांनी दुसरी भाकरी सावकाश चावली. पुढं विचार करायला त्यांना धीर झाला नाही.

साडेपाचची गाडी वाडीला पोचली तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. वळणावरूनच तात्यांना उजेड दिसला. हिरवा, तांबडा, निळा.

निवाऱ्यावर कंदील होता. खांबांना झेंडूची तोरणं, छपराच्या कडेनं पताका, जमिनीवर रांगोळी. सार्वजनिक रस्त्याच्या बरोबर मधे तांबू उभी होती, शिंगं निळी करकरीत, आणि ती तात्यांकडं ओळख नसल्यासारखं बघत होती. कोपऱ्यात, खांबाच्या बुडाशी, बनाबाईच्या गवळणी. सुबक, घागरींसकट. दुपारी उचलायच्या, त्या कोणी उचललेल्या नव्हत्या. शेजारी बनाबाई कंदिलाकडं तोंड करून बसली होती, आणि तिच्या सुरकुत्यांवर एकामागून एक रंग येत होते.

"आलासा, तात्या?" मानसिंग म्हणाला. "मॅडमना सकाळीच फोन लावला. म्हणाल्या, लेखी तक्रार आली तर बघू. दिसभर वाट बघितली. एकबी आली न्हाई. तक्रार करणारं माणूस गावातच नव्हतं."

ठकुबाई पदर तोंडाला लावून हसत होती. वाडीतली सगळी बारा घरं तिथं जमलेली. एवढी माणसं तात्यांनी मयताशिवाय एकत्र बघितली नव्हती, आणि ती सगळी त्यांच्या गाडीत बसण्यानं जमली होती.

तात्या खाली उतरले. बनाबाईनं हात पुढं केला. त्यांनी पाट दिला. तिनं तो चाचपला, बारकी नव्हती. मग तात्यांनी मूठ उघडली. दिवसभरात बारकीचा एक हात गळून पडला होता. बनाबाईनं ती उचलली आणि आपल्या गवळणींत, तिनं केलेल्या बारकीच्या शेजारी, नीट बसवली. दोघी लागून लागून.

"वेल्ह्याला जाऊन आली," तात्या म्हणाले.  अर्ज, मानसिंग, नियम, सगळं विसरून ते तिथंच तिच्याजवळ टेकायला वाकले. आता काहीतरी चांगलं बोलावं असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आणि ते शब्द शोधायला लागले.

बनाबाईनं मान वर केली. नऊ दिवसांत पहिल्यांदा ती गाईला मधे न घालता बोलली.

"उद्या भाऊबीज हाय. गाडी साडेसातलाच येती. भाकऱ्या बांधून ठिवल्यात."